रिकाम्या खुर्चीवरचा पंखा

आईने बँकेतला पंखा बंद केला तो दिवस मला लख्ख आठवतो. जून २०२४ मधला सोमवार, सकाळचे सव्वाअकरा. आम्ही दोघं भिंतीलगतच्या बाकावर बसलो होतो. एसी चालू होता, दार सताड उघडं होतं आणि जोडीला छताचे पंखेही फिरत होते. कोपऱ्यातल्या टेबलामागची खुर्ची रिकामी होती. पंख्याच्या वाऱ्याने टेबलावरचे कागद पेपरवेटखाली फडफडत होते. आम्हाला काम होतं ते त्याच खुर्चीकडे.

आई उठली. पाणी प्यायला निघाली असेल असं मला वाटलं. ती सरळ बटणांच्या बोर्डापाशी गेली, एक बटण दाबलं, वर पाहिलं, ते परत लावलं आणि दुसरं दाबलं. रिकाम्या खुर्चीवरचा पंखा हळूहळू थांबला. शिपाई लगबगीने आला. "आजी, हात नका लावू हो तिथे. साहेब येतीलच एवढ्यात." त्याने बटण दाबलं, पंखा पुन्हा फिरू लागला. आई परत येऊन बसली, पदर कानावर ओढून घेतला आणि हळूच म्हणाली, "अरे, कुणासाठी फिरतोय तो?"

साहेब आले पाऊण वाजता. आमचा कागद पाहून म्हणाले, "लाइट बिल कुठेय? आजींच्या नावाचं लागेल."

आईला ही सवय कुठून लागली ते सांगायला अण्णांकडे, म्हणजे माझ्या वडिलांकडे, जावं लागेल. अण्णा थर्मलला, म्हणजे एकलहऱ्याच्या कोळशावरच्या वीज केंद्रात, होते. नाशिकरोडकडच्या माणसाला एवढं सांगितलं की पुरतं. एकलहऱ्याच्या चिमण्या त्याने लहानपणापासून पाहिलेल्या असतात. आज तिथे २१० मेगावॅटचे तीन संच आहेत. अण्णांनी त्यांतल्याच संचांवर उमेदीची वर्षं काढली, तिन्ही पाळ्या केल्या. असा एक संच पूर्ण भाराने चालला तर तासाला २ लाख १० हजार युनिट वीज तयार होते. आणि तिथून रात्रपाळी करून आलेला माणूस घरात पाऊल टाकता टाकता विचारायचा, "न्हाणीघरातला दिवा कुणाचा?"

लहानपणी मला याचा राग यायचा. इतकी वीज करणाऱ्याने साठ वॅटच्या बल्बवरून बोलावं? एकदा मी तसं तोंडावर म्हणालोही. ते चिडले नाहीत. मला ओट्यापाशी घेऊन गेले, तराजूच्या पारड्यात पाऊण किलो तांदूळ घातले आणि म्हणाले, "एका युनिटला साधारण एवढा कोळसा जळतो. तो खाणीतून काढायचा, वॅगनमध्ये भरायचा, इथवर आणायचा, दळायचा, जाळायचा, आणि मागे राहिलेली राखही कुठेतरी टाकायची." मग म्हणाले, "आमच्या पंपांना, पंख्यांना, गिरण्यांनाच बरीच वीज लागते. उरलेल्यातली काही तारांमध्ये जाते. तू घरी एक युनिट वाचवलंस, की तिकडे एकाहून जास्त वाचतं." तांदूळ परत डब्यात गेले. पण ते पारडं माझ्या डोळ्यांपुढून गेलं नाही.

२००५ नंतरची भारनियमनाची वर्षं त्यांना फार लागली. शेजारचे सहज म्हणायचे, "अण्णा, तुमच्याकडे एवढी वीज होते, मग आमच्या घरात अंधार का?" राज्यात मागणी किती नि पुरवठा किती, वीज एका गावाची नसते, ती सगळ्या जाळ्यात जाते, हे ते परत परत समजावून सांगायचे. रात्री मात्र गच्चीवर एकटेच उभे राहून चिमण्यांकडे पाहत असायचे.

१९९१ साली आम्ही वसाहत सोडून जेलरोडला स्वतःच्या घरात आलो. त्या महिन्यापासून त्यांनी एक चोपडी ठेवली. लांबट, लाल कापडी पुठ्ठ्याची. दर महिन्याच्या १ तारखेला सकाळी मीटरचं रीडिंग घ्यायचं आणि तिच्यात मांडायचं. तारीख, रीडिंग, युनिट, बिलाची रक्कम आणि शेवटी शेरा. सगळ्यात वाचनीय रकाना तो शेऱ्याचा. 'पाहुणे आठ दिवस.' 'फ्रिज घेतला.' 'ताईचं लग्न, मांडवाला दिवे.' 'परीक्षा, रात्री जागरण', ही माझी बारावी. एका चोपडीची पानं संपली की तिलाच दुसरी शिवून जोडायची. आमच्या घराचा तेहतीस वर्षांचा इतिहास त्या शेऱ्यांमध्ये आहे, आणि तो सगळा युनिटांच्या हिशेबाने लिहिलेला आहे.

शेवटची नोंद १ फेब्रुवारी २०२४ ची. त्याच महिन्यात अण्णा गेले. १ मार्चची ओळ कोरी आहे. १ एप्रिलपासून अक्षर माझं.

अण्णांची एक मुदत ठेव होती, नॉमिनी आई. आईला ईपीएस-९५ ची विधवा पेन्शन मिळते, पण तिच्यात महिन्याचं औषधपाणीही भागत नाही. एफडीचं व्याज हाच तिचा खरा आधार. मेमध्ये ठेवीची मुदत संपली आणि आम्ही बँकेच्या पायऱ्या चढायला लागलो. पहिल्याच दिवशी कळलं, की आईच्या बचत खात्याची केवायसीही संपली आहे. पैसे जमा होतील, काढता येणार नाहीत. म्हणजे अडचणी दोन, आणि एकीशिवाय दुसरी सुटत नव्हती.

पुढचे तीन महिने सगळे सांगत बसत नाही. ज्याच्या घरी कुणी गेलंय त्याला ते ठाऊक आहेत. पण काही गोष्टी मनात रुतून बसल्या आहेत. आधारवर आईच्या नावापुढे 'बाई' आहे, पासबुकात नाही. ही तीच बाई कशावरून, असा प्रश्न तिच्यासमोर, तिच्याकडे न बघता, मला विचारला गेला. अंगठा घ्यायचं यंत्र तिचा अंगठा ओळखेना. चौऱ्याहत्तर वर्षं भाकऱ्या थापून, भांडी घासून रेषा पुसट झालेल्या. तिने अंगठा पदराला पुसून पाहिला, फुंकर घालून पाहिली, मग दुसरा हात पुढे केला. मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "आजी, लवकर." त्या वेळी आईचा चेहरा जसा झाला, तसा मी आधी कधी पाहिला नव्हता. अण्णांच्या तेराव्यालाही नाही.

आणि ते लाइट बिल. आधारवर पत्ता बरोबर होता, तोच पत्ता बँकेत तीस वर्षांपासून नोंदलेला होता, तरी "आजींच्या नावाचं लाइट बिल आणा" हे पालुपद सुटेना. आमचं मीटर अण्णांच्या नावावर आहे. नाव बदलून घेणं काही अवघड नाही, अर्ज ऑनलाइनही करता येतो. एका रात्री मी लॅपटॉप उघडून बसलो. आई शेजारी लसूण सोलत होती. काय करतोस विचारलं, मी सांगितलं. बराच वेळ तिने काही उत्तर दिलं नाही. मग म्हणाली, "राहू दे ना रे त्यांचं नाव. महिन्याला एकदा तरी पोस्टमन आल्यासारखं वाटतं."

मी लॅपटॉप मिटला. त्या रात्री पहिल्यांदा मला बँकेचा खरोखर राग आला. तोपर्यंत होता तो नुसता वैताग. हा राग निराळा होता, कारण एका कागदासाठी ते माझ्या आईकडे तिचा नवरा दुसऱ्यांदा मागत होते.

नाशिकरोडला १९२८ पासून नोटा छापतात. लहानपणी प्रेसची शिफ्ट सुटली की सायकलींचा लोंढा आमच्या रस्त्यावरून जायचा. अण्णा वीज करायचे, शेजारचे काका नोटा छापायचे, आणि आम्हा पोरांना आपलं गाव म्हणजे काहीतरी मोठं वाटायचं. त्याच गावात अण्णांनी पाळ्या करून साठवलेले पैसे त्यांच्याच बायकोला मिळेनात.

बँकेतली माणसं वाईट नव्हती, हे मला मनापासून लिहायचंय. समोरचा मुलगा माझ्या पुतण्याच्या वयाचा. तीन खिडक्यांचं काम एकटा उरकत होता, आणि मध्येच वरून फोन यायचा, आज विम्याच्या पॉलिसी किती झाल्या म्हणून. त्याने स्वतःचा डबा चार वाजता उघडलेला मी पाहिलाय. कागद चुकला तर त्याच्यावर ठपका येतो. माणूस परत पाठवला तर कुठे नोंदच होत नाही. म्हणून तो परत पाठवतो.

हे ध्यानात आलं आणि मी चोपडी उलटी करून मागच्या पानापासून दुसरी नोंद सुरू केली. तारीख, निघालो, पोचलो, परतलो, रिक्षाभाडं, काय सांगितलं. अण्णांच्याच पद्धतीने, शेऱ्यासकट. 'सर्व्हर बंद.' 'साहेब मीटिंगला.' 'ताईची संमती सहीसह हवी', आणि ताई बेंगळुरूला. 'दोन जामीनदार आणा.' ऑगस्टच्या मध्यापर्यंत आठ फेऱ्या झाल्या होत्या. वेळ एकतीस तास, तोही एकट्या आईचा. माझ्या अर्ध्या दिवसाच्या रजा वेगळ्या.

त्याच दिवसांत पुढच्या पानांवरही लढाई चालली होती. मे महिन्याचे युनिट आले होते १४८. आपल्याकडे घरगुती विजेचे टप्पे आहेत आणि शंभरच्या वरच्या युनिटांना दुपटीहून थोडा जास्तच दर लागतो. पुष्कळांना वाटतं, की शंभर ओलांडले की सगळंच बिल महाग होतं. तसं नाही, फक्त वरची युनिटं महाग पडतात. पण तीच तर आपल्या हातातली असतात. त्यावर वहन आकार येतो, १६ टक्के वीज शुल्क येतं. आई म्हणाली, "शंभराच्या आत आणू या. त्यांना एकदाही जमलं नाही." खरंच, ताई सासरी गेली, सून आली, नात झाली, फ्रिज आला, मिक्सर आला, आणि अण्णांच्या हयातीत गेली वीस वर्षं तो आकडा शंभराच्या आत आलाच नाही.

दिवे तर आमचे केव्हाच बदलले होते. साठ वॅटच्या जागी नऊ वॅटचे एलईडी. गीझर पावसाळ्यात अर्धा वेळ बंदच असतो. मग जातंय कुठे? एका रात्री मी जिन्याखालच्या मीटरपुढे स्टूल टाकून बसलो. मीटरवर एक बारीक लाल दिवा लुकलुकतो, तो तुम्ही पाहिला असेल. त्याच्याजवळच एक आकडा छापलेला असतो. आमच्या मीटरवर तो ३२०० आहे. म्हणजे दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट झालं. वीज किती वेगाने चाललीय हे त्या दिव्याकडे पाहून सेकंदांवर कळतं.

घरातले सगळे दिवे-पंखे बंद केले. फ्रिजही दहा मिनिटं बंद ठेवला. बायको वरून बटणं दाबत होती, मुलगी जिन्यात उभी राहून निरोप पोचवत होती, आई टॉर्च धरून माझ्याजवळ. काहीच चालू नसताना दिवा लुकलुकायला नको होता. तो लुकलुकला. पुढचा किती वेळाने येतो ते आईने मोजायला सुरुवात केली, "एक, दोन, तीन..." सदतीसला परत लुकलुकला. हिशेब केला तर सतत तीस वॅट. सगळं घर झोपलेलं असताना एका चांगल्या नव्या पंख्याएवढी वीज जात होती.

"सेट टॉप बॉक्स बंद कर," मी वर निरोप पाठवला. आता छप्पन्न सेकंद लागले. म्हणजे दहा वॅट तो खात होता, टीव्ही बंद असतानाही. आम्ही रिमोटने टीव्ही बंद करत होतो आणि बॉक्स दिवसरात्र जागा राहत होता. मग वायफायचं यंत्र बंद केलं. आईने त्र्याण्णवपर्यंत मोजलं, तिचा श्वास पुरेना, उरलेले आकडे नातीने मोजले. मग इन्व्हर्टर काढला, आणि दिवा थांबला. आम्ही तिघं त्या काळ्या ठिपक्याकडे पाहत राहिलो. पाच मिनिटं झाली, काही नाही. घर पूर्ण शांत. आईने टॉर्चही विझवला.

इन्व्हर्टर परत लावला, त्याला इलाज नव्हता. पण दुसऱ्या दिवसापासून टीव्ही पाहून झाला की बॉक्सचं बटण भिंतीवरूनच बंद, आणि वायफाय रात्री दहाला. एवढ्याने महिन्याला आठेक युनिट कमी होतात. पुढचा मोठा खड्डा पंख्यांचा. आईच्या खोलीतला पंखा अण्णांनी घर घेतलं तेव्हाचा, पंचाहत्तर वॅटचा, आणि तो दिवसाचे चौदा तास चालतो. हल्ली मिळतात ते बीएलडीसी मोटरचे पंखे पूर्ण वेगावरही तीसेक वॅटमध्ये भागवतात. आईच्या खोलीतला आणि हॉलमधला असे दोनच बदलले तरी महिन्याला तीस युनिट वाचतील, असा हिशेब मी तिला मांडून दाखवला. दोन्ही मिळून साडेपाच हजारांच्या घरात. वरच्या दराने धरलं तर सव्वा-दीड वर्षात वसूल.

मी म्हणालो, रविवारी आणतो. आई म्हणाली, "तुझ्या पैशाने नको. त्यांच्या एफडीतून घेऊ." मी समजावलं, पैसे अडकलेत, कधी मिळतील सांगता येत नाही. ती म्हणाली, "मिळतील तेव्हा घेऊ. तोवर फिरतोय की हा." ऑगस्टच्या उकाड्यात ती दुपारभर पंखा बंद ठेवून व्हरांड्यात बसायला लागली, आणि आता आपण गप्प बसायचं नाही, असं मी ठरवलं.

रात्री बसून रिझर्व्ह बँकेचे नियम वाचून काढले. ते इतके आधी का वाचले नाहीत याची हळहळ वाटली. नॉमिनी असेल तर बँकेने वारस दाखला, जामीनदार, हमीपत्र मागायचं नाही, रक्कम कितीही असो. ही सूचना २००५ पासूनची आहे. मृत्यूचा दाखला आणि नॉमिनीची ओळख पटली, की पंधरा दिवसांत पैसे द्यायचे. नॉमिनी हा वारसांच्या वतीने पैसे घेणारा विश्वस्त असतो, पुढची वाटणी घरातल्यांनी करायची. बँकेची जबाबदारी नॉमिनीच्या हाती रक्कम दिली की संपते. ताईला बेंगळुरूहून कागद पाठवायची गरजच नव्हती. आणि केवायसीचं म्हणाल, तर माहितीत काहीच बदल नसेल तेव्हा खातेदाराने तसं लिहून दिलं तरी पुरतं. लाइट बिलाचा त्यात संबंध नव्हता.

मी मराठीत अर्ज लिहिला. मुद्दे दोनच, भाषा साधी, सोबत मागच्या पानावरच्या आठ फेऱ्यांची प्रत. खिडकीवर म्हणाले, "पोच देत नाही आम्ही." मी म्हणालो, "मग मी इथेच बसतो." आवाज चढवला नाही. आईही बसली. तासाभराने शिक्का मिळाला. निळ्या शाईचा, तारखेसकट. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते. २०२१ पासून त्यासाठी देशभर एकच योजना आहे. अर्जाच्या शेवटी मी तेही लिहिलं होतं. धमकी म्हणून नाही. पुढचं पाऊल कोणतं ते त्यांनाही ठाऊक असावं म्हणून.

लोकपालापर्यंत जावं लागलं नाही. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात शाखेत नव्याने आलेल्या एका मॅडमचा फोन आला. त्यांनी आईला "काकू" म्हटलं, खुर्ची दिली, सगळे कागद पुढ्यात ठेवून पाच मिनिटं वाचले. मग एक कोरा कागद दिला. "काकू, पत्ता तोच आहे ना? मग एवढंच लिहा आणि सही करा." आईने तिच्या गोल अक्षरात तीन ओळी लिहिल्या. अंगठ्याचं नाव कुणी काढलं नाही. काम वीस मिनिटांत झालं. दहावी फेरी. एवढ्यात होणाऱ्या कामाला तीन महिने का लागले, हे मी मॅडमना विचारलं नाही, पण ते मला आजही विचारायचंय. किती आया त्या बाकावर बसून परत गेल्या असतील. ज्यांना लिहिता येत नाही, ज्यांच्याबरोबर रजा काढून येणारं कुणी नाही, त्यांच्या तासांची चोपडी कोण ठेवतं?

पैसे २० तारखेला जमा झाले. महिनाअखेरीस पंखे आले. जुना पंखा उतरवला तेव्हा आईने तो फडक्याने पुसून माळ्यावर ठेवायला लावला, भंगारात देऊ दिला नाही.

१ नोव्हेंबरला, ऐन दिवाळीत, सकाळी आम्ही जिन्याखाली गेलो. आईने टॉर्च धरला, चष्मा वर सरकवला आणि एकेक आकडा मोठ्याने वाचला. मी वजाबाकी केली. सत्त्याण्णव. आदल्या वर्षीच्या ऑक्टोबरपुढे अण्णांच्या अक्षरात १३४ होते. मी परत वजाबाकी केली, मग नातीकडून करून घेतली. तेवढेच.

मी पेन उघडून थांबलो. "शेरा काय लिहू?"

आईने चोपडी माझ्या हातातून घेतली, वरच्या ओळींवरून एकदा बोट फिरवलं आणि परत दिली. "लिही, पंखे दोन, नवे. त्यांच्या पैशाचे."